शर्यतीतली जोड

जत्रेतल्या कुस्तीच्या फडात पंच मंडळी एक फार मोठे काम करतात. ते म्हणजे जोड लावणे. लंगोट बांधून आलेल्या पोरांची अंगलट बघायची, वय बघायचे, कोणत्या तालमीतला आहे ते विचारायचे आणि मग दोघांचे हात हातात घेऊन वर करायचे. जोड चुकली तर कुस्ती चटावर पडते आणि बघणाऱ्यांचा विरस होतो. जोड तोलामोलाची असली, तर पन्नास रुपयांच्या इनामाची कुस्तीसुद्धा लोक उभे राहून बघतात.

प्रत्येक खेळाने जोड लावण्याची आपापली रीत शोधली आहे. मॅटवरच्या कुस्तीत वजनकाटा असतो. बैलगाडा शर्यतीत बैलाचे दात बघून आदत, दुसा, चौसा असे गट पाडतात. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सरस घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देऊन त्याला इतरांच्या बरोबरीला आणतात. आज आपण ज्या खेळाकडे बघणार आहोत, त्यात मात्र हा प्रश्न विलक्षण अवघड होऊन बसतो. तो खेळ म्हणजे हौशी मंडळींच्या मोटार शर्यती. मोटारीला ना दात, ना वय. वजन असते, पण ते कमी असणे हाच फायदा! मग जोड लावायची कशी?

मोटार शर्यत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टीव्हीवरची फॉर्म्युला वन येते. तिथे कोट्यवधींचा व्यवहार असतो. पण जगात होणाऱ्या बहुसंख्य शर्यती तशा नसतात. आठवडाभर बँकेत, कारखान्यात नाहीतर दवाखान्यात काम करणारी माणसे शनिवार-रविवारी स्वतःच्या पैशाने, स्वतःची गाडी घेऊन ट्रॅकवर जातात. त्यांच्या शर्यती क्लब भरवतात. इंग्लंडमधला ७५० मोटर क्लब १९३९ साली सुरू झाला. अमेरिकेतला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका १९४४ सालचा. आपल्याकडे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ साली स्थापन झाला. या शर्यतींत बक्षीस म्हणून बहुधा एखादा करंडक मिळतो. टायर आणि पेट्रोलचा खर्चसुद्धा त्यातून सुटत नाही.

अशा शर्यतीला एकाच सकाळी चाळीस गाड्या आल्या, तर त्यात एखादी वीस वर्षांची जुनी छोटी गाडी असते आणि एखादी कालपरवा शोरूममधून निघालेली स्पोर्ट्स कारही असते. सगळ्यांना एकत्र सोडले तर निकाल ट्रॅकवर लागतच नाही. तो बँकेच्या पासबुकावर आधीच लागलेला असतो. छोट्या गाडीवाला एकदा येईल, दोनदा येईल, तिसऱ्यांदा घरी बसेल. हौशी क्लब चालतो तो नेमका या माणसाच्या प्रवेश फीवर. म्हणून गाड्यांचे वर्ग पाडणे हे क्लबच्या दृष्टीने जगण्या-मरण्याचे काम असते.

वर्ग पाडायची सर्वांत जुनी आणि सोपी रीत म्हणजे इंजिनाचा आकार, आपण ज्याला सीसी म्हणतो तो. हजार सीसीपर्यंत एक वर्ग, सोळाशेपर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. मोजायला सोपे, वादाला जागा कमी. पण सीसी म्हणजे ताकद नव्हे. एकाच आकाराच्या दोन भांड्यांत सारखेच पाणी मावते हे खरे, पण एका शेगडीवर ते दोन मिनिटांत उकळते आणि दुसरीवर दहा. इंजिनाचेही तसेच आहे. ते आत किती हवा ओढते, मिनिटाला किती फेरे फिरते, झडपा किती आहेत, यावर ताकद ठरते. टर्बोचार्जर लावला, की तेवढ्याच सीसीच्या इंजिनात जादा हवा दाबून भरली जाते. त्यामुळे टर्बो इंजिनाचे सीसी एका ठरावीक गुणकाने वाढवून धरायची पद्धत आली. आंतरराष्ट्रीय नियमांत पेट्रोल इंजिनांसाठी हा गुणक १.७ आहे. म्हणजे हजार सीसीचे टर्बो इंजिन कागदावर सतराशे सीसीचे होते.

या सीसीच्या रीतीची गंमत सांगणारी एक गोष्ट ७५० मोटर क्लबच्या इतिहासात आहे. ऑस्टिन सेव्हन ही त्या काळातली इंग्लंडमधली स्वस्त, सर्वसामान्यांची गाडी. इंजिन ७४७ सीसीचे, त्यावरूनच क्लबचे नाव पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर क्लबने या गाडीच्या सांगाड्यावर आणि इंजिनावर आधारलेला एक वर्ग काढला, हेतू हा की जुन्या ऑस्टिनवर घरच्या घरी काम करून कोणालाही शर्यतीत उतरता यावे. १९५१ साली एक तरुण इंजिनिअर या वर्गात आपण बांधलेली गाडी घेऊन उतरला. ऑस्टिनच्या इंजिनाला चार सिलिंडर होते, पण पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत जायला वाटा दोनच. एका वाटेवर दोन सिलिंडर, त्यामुळे एक दुसऱ्याच्या घासातला घास पळवी. या पठ्ठ्याने त्या वाटांच्या मधोमध पडदे घालून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट करून दिली. सीसी तेवढेच राहिले आणि नियमाचे एक अक्षरही मोडले नाही. पण त्याची गाडी इतरांच्या इतकी पुढे जाऊ लागली, की क्लबला पुढे नियम बदलून ही युक्ती बंद करावी लागली. त्या तरुणाचे नाव कॉलिन चॅपमन. पुढे त्याच्या लोटस कंपनीने फॉर्म्युला वनची सांघिक अजिंक्यपदे सात वेळा मिळवली.

नियम करणाऱ्याने एक गोष्ट मोजायची ठरवली, की स्पर्धक न मोजलेल्या गोष्टीकडे वळतो, हे या गोष्टीतून दिसते. त्यात अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. हौशी मंडळींना गाडी चालवण्याइतकाच आनंद रात्री गॅरेजमध्ये डोके लढवण्यात मिळतो. पण एकाच्या या आनंदाची किंमत बाकीच्यांना मोजावी लागते, कारण पुढच्या महिन्यात सगळ्यांना तेच काम करून घ्यावे लागते.

म्हणून दुसरी रीत आली. इंजिन केवढे आहे हे तर बघायचेच, पण गाडीत फेरफार किती केले आहेत हेही बघायचे. अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लबने पूर्वी शोरूम स्टॉक नावाचा वर्ग ठेवला होता. गाडी शोरूममधून जशी निघाली तशीच शर्यतीत आणायची, फक्त सुरक्षेचा लोखंडी पिंजरा, खास पट्टे वगैरे बसवायचे. त्याच्या वरची पायरी इम्प्रूव्ह्ड टूरिंग. तिथे स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर, सायलेन्सर अशा ठरावीक गोष्टी बदलायला मुभा असते. त्याहून वरच्या वर्गांत इंजिनाच्या आत हात घालता येतो. अगदी वरच्या टोकाला असलेल्या गाड्यांचे फक्त बाहेरचे रूप मूळ गाडीसारखे असते.

या क्लबच्या नियमपुस्तकामागे एक तत्त्व आहे. जे करायला परवानगी दिल्याचे लिहिलेले नाही, ते करायला बंदी आहे. आपल्या रोजच्या कायद्याचे याच्या उलट असते. तिथे जे मना केलेले नाही ते चालते. चॅपमनसारखा हुशार माणूस दुसऱ्या प्रकारच्या नियमात वाट काढतो, पहिल्या प्रकारच्या नियमात त्याला आधी परवानगी मागावी लागते. एका वाक्याने केवढा फरक पडतो बघा.

आता कोणी म्हणेल, की सीसी, सुटे भाग, यादी हे सगळे कशाला? शेवटी गाडी पळते ती ताकदीवर आणि जडपणा तिला मागे ओढतो. मग ताकद आणि वजन एवढेच मोजा. हीच तिसरी रीत. १९९१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशनने ती पुष्कळ पुढे नेली. एका हॉर्सपॉवरला गाडीचे किती वजन ओढावे लागते, यावर वर्ग ठरतो. समजा एक गाडी १४०० किलोची आणि २८० हॉर्सपॉवरची आहे, दुसरी ९०० किलोची आणि १८० हॉर्सपॉवरची. दोन्हींत एका हॉर्सपॉवरच्या वाट्याला पाच किलो येतात. म्हणजे दिसायला हत्ती आणि हरीण असली तरी दोन्ही एका वर्गात. या संस्थेच्या सुपर टूरिंग वर्गांपैकी एकाची सीमा हॉर्सपॉवरमागे दहा पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो, अशी ठेवलेली आहे, त्याखालच्यांची बारा आणि चौदा पौंड.

मोजणी कशी होते तेही सांगतो. गाडीची चाके रुळांवर ठेवून ती जागच्या जागी पळवतात आणि चाकांपर्यंत किती ताकद पोचते ते यंत्रावर बघतात. या यंत्राला डायनो म्हणतात. शर्यत संपल्यावर गाडी चालकासकट काट्यावर चढते. वजन कमी भरले तर निकाल बाद. ज्यांची गाडी वर्गाच्या मानाने हलकी असते, ते आधीच शिशाची वजने तळाला घट्ट बसवून घेतात. चालक स्वतः दहा किलोने बारीक झाला, तर तेवढे शिसे गाडीत वाढते. म्हणजे डाएटचा फायदा तब्येतीला होतो, नंबराला नाही!

ही रीत दिसते तेवढी निर्दोष मात्र नाही. पूर्वी लोक इंजिनाची सर्वांत जास्त ताकद मर्यादेत ठेवायचे, पण ती थोड्याशा फेऱ्यांपुरती न राहता लांबपर्यंत टिकून राहील अशी जुळवणी करायचे. आकडा एकच, गाडी मात्र जलद. म्हणून आता एका टोकाचा आकडा न घेता आसपासच्या आकड्यांची सरासरी धरतात. शिवाय आजकालची इंजिने संगणकावर चालतात. डायनोवर एक जुळवणी आणि ट्रॅकवर दुसरी, असे करणे अशक्य नाही. त्यामुळे शर्यत संपल्याबरोबर गाडी ताब्यात घेऊन तिची ताकद तपासण्याचा अधिकार पंचांकडे ठेवावा लागतो. त्यात पुन्हा टायर आहेत. मऊ रबराचा टायर रस्ता घट्ट धरतो, वळणावर वेग देतो आणि तो ना डायनोवर दिसतो ना काट्यावर. म्हणून टायरची रुंदी आणि जात यांचा हिशेब वेगळा धरावा लागतो, हवेचा दाब घेऊन गाडीला जमिनीकडे रेटणाऱ्या पंखांचाही.

या सगळ्या आकडेमोडीला कंटाळलेल्या लोकांनी चौथी रीत काढली. सगळ्यांना एकसारखीच गाडी द्या, म्हणजे वाद मिटला! अमेरिकेतल्या क्लबने १९८४ साली रेनोचे इंजिन असलेली, खास शर्यतीसाठी बांधलेली एक गाडी आणली. पुढे तिच्यात फोर्डचे इंजिन आले. तिचे इंजिन सील केलेले असते, मालकाने ते उघडायचे नाही. बिघडले तर ठरवून दिलेल्या माणसाकडेच न्यायचे. हात घालायलाच मज्जाव असल्यामुळे रात्रभर गॅरेजमध्ये बसून कोणाला पुढे जाता येत नाही आणि खर्चही आटोक्यात राहतो.

दुसरा लोकप्रिय प्रयोग स्पेक मियाटा. माझदा कंपनीची मियाटा ही छोटी, दोन माणसांची, टपाची घडी होणारी गाडी. जुन्या बाजारात ती स्वस्तात आणि भरपूर मिळे. पण इथेही जोड लावावीच लागली, कारण सुरुवातीची मियाटा १.६ लिटरची होती आणि नंतरची १.८ लिटरची. मग जुनीला हलकी राहू दिले, नवीला जादा वजन दिले आणि तिच्या काही मॉडेलांच्या हवेच्या वाटेत भोक पाडलेली पट्टी बसवली, म्हणजे इंजिनाला दम कमी मिळावा. रेसकोर्सवरच्या घोड्याचाच हा न्याय.

एकसारख्या गाड्यांनी कटकट संपते का? संपत नाही, ती बारीक होते. गाड्या इतक्या बरोबरीच्या असतात, की केसाएवढा फायदासुद्धा मोलाचा ठरतो. २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकवर या क्लबची राष्ट्रीय स्पर्धा झाली. स्पेक मियाटा वर्गात पुढच्या क्रमांकावर आलेल्या काही गाड्यांची इंजिने उघडून बघितली, तेव्हा सिलिंडर हेडच्या आतल्या वाटेवर नियमात न बसणारे घासकाम केलेले निघाले आणि त्या गाड्या बाद झाल्या. यातल्या कोणालाही लाखांचे बक्षीस मिळणार नव्हते. स्वस्त आणि सर्वांना परवडणारा म्हणून जो वर्ग काढला, त्यात जिंकण्यासाठी महागड्या कारागिराकडून इंजिन करून घेण्याची पाळी आली होती.

गाडी उघडून बघायची, तर ती कोणाच्या सांगण्यावरून? इथे क्लबने एक शहाणपणाची तजवीज केलेली आहे. कोणत्याही स्पर्धकाला दुसऱ्याच्या गाडीवर लेखी हरकत घेता येते, पण इंजिन खोलण्या-बसवण्याचा जो खर्च येईल तेवढी अनामत आधी भरावी लागते. हरकत खरी ठरली तर खर्च गुन्हेगाराच्या बोकांडी, खोटी ठरली तर तक्रारदाराच्या. त्यामुळे नुसत्या पोटदुखीने कोणी उठत नाही.

पाचवी रीत गाडीकडे बघतच नाही, ती फक्त घड्याळाकडे बघते. १९०७ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सचा ट्रॅक सुरू झाला. तिथल्या मंडळींनी घोड्यांच्या शर्यतींचे पुष्कळसे रिवाज उचलले होते. पहिल्या शर्यतींत चालकांनी जॉकीसारखे रंगीबेरंगी अंगरखेही घातले होते. तिथे हॅंडिकॅप शर्यती होत. मंद गाडी आधी सुटे, जलद गाडी काही सेकंदांनी मागून, आणि हिशेब बरोबर असला तर सगळ्या जवळजवळ एकदमच शेवटच्या रेषेवर याव्यात अशी कल्पना.

तीच कल्पना आज वेगळ्या रूपांत दिसते. मोकळ्या मैदानात रबरी शंकू मांडून एकेक गाडी वेळ लावून सोडतात, त्याला ऑटोक्रॉस म्हणतात. अमेरिकेत तिथे प्रत्येक वर्गाला एक गुणक ठरवून देतात आणि चालकाच्या वेळेला त्याने गुणतात. समजा जलद वर्गाचा गुणक ०.९० आणि मंद वर्गाचा ०.८० आहे. पहिल्याला ५० सेकंद लागले, त्याचे झाले ४५. दुसऱ्याला ५४ लागले, त्याचे झाले ४३.२. म्हणजे घड्याळात हरलेला हिशेबात जिंकला. सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यतींत तर चालकानेच आपली वेळ आधी काचेवर लिहायची असते. एकाने १२ सेकंद लिहिले, दुसऱ्याने १५, तर दुसरा तीन सेकंद आधी सुटतो. मुद्दाम जास्त वेळ लिहून फसवणूक होऊ नये म्हणून नियम असा, की लिहिलेल्या वेळेपेक्षा जलद जाणारा बाद. स्वतःला आणि स्वतःच्या गाडीला जो अचूक ओळखतो, तो जिंकतो.

इतक्या रीती असताना, सगळ्यांचे समाधान होईपर्यंत वर्ग वाढवत का जाऊ नयेत? क्लबना हा मोह नेहमी होतो. नवा सभासद आला, त्याच्या गाडीला चपखल वर्ग नाही, मग काढा एक नवा. पण असे करत गेले, की चाळीस गाड्यांचे वीस वर्ग होतात. एका वर्गात एकच गाडी, तिला पहिला नंबर आणि करंडक. एकट्याने मारलेल्या पहिल्या नंबराचे कौतुक घरचेसुद्धा फार वेळ करत नाहीत. उलट वर्ग फार कमी ठेवले, तर मागे पडणारा कंटाळतो. शिवाय ट्रॅकचा वेळ मोजका असल्यामुळे बरेचदा दोन-चार वर्ग एकत्रच पळवावे लागतात. मग वेगातला फरक धोक्याचा होतो. वळणावर मागून दुप्पट ताकदीची गाडी आली, तर दोघांनाही आपापला तोल सांभाळावा लागतो. म्हणून वर्ग पाडताना कोण जिंकेल याच्याइतकेच, कोण कोणाच्या बरोबर सुरक्षित पळेल हेही बघावे लागते. पिंजरा, हेल्मेट आणि आग न लागणारे कपडे यांत मात्र गाड्या शर्यतीच्या सगळ्या वर्गांना सवलत नसते.

आपल्या देशात या खेळाचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया करते. पूर्वी चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, नंतर मद्रासच्या क्लबने इरुंगट्टुकोट्टई येथे स्वतःचा ट्रॅक बांधला. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांतही वर सांगितलेल्या रीती दिसतात. फेरफारांच्या प्रमाणानुसार टूरिंग कारचे वेगवेगळे वर्ग आहेत. स्विफ्टचे इंजिन बसवलेल्या एकसारख्या सिंगल सीटर गाड्यांचाही वर्ग आहे. मारुती एस्टीम तर शोरूममधून गेल्यानंतरही कितीतरी वर्षे आपल्या ट्रॅकवर पळत राहिली. तिचे सुटे भाग स्वस्त होते आणि तिची नस न नस ओळखणारे मेकॅनिक गावोगाव होते. आपल्याकडच्या नव्या पोराला शर्यतीत उतरायला याहून मोठा आधार कोणता? आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ४०२ मीटरच्या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, तिथेही कॉलेजातल्या पोराची साधी गाडी आणि परदेशी बनावटीची महागडी गाडी यांना एका रांगेत उभे करून चालत नाही.

तेव्हा कधी शर्यत बघायचा योग आला, तर सर्वांत पुढे कोण आहे एवढेच बघू नका. गाडीच्या दारावर नंबराशेजारी लिहिलेली वर्गाची अक्षरे वाचा आणि त्याच अक्षरांची दुसरी गाडी कुठे आहे ते शोधा. कदाचित विसाव्या आणि एकविसाव्या जागेवर दोन जुन्या गाड्या फेरीमागून फेरी एकमेकींना घासून चाललेल्या असतील. पुढच्याने ब्रेक कुठे मारला, मागच्याने वळण कसे कापले, हे डोळ्यांत तेल घालून बघा. त्या दोघांना तिथे आणायला कोणीतरी काटा, डायनो, टायर आणि नियमपुस्तक घेऊन कित्येक रात्री डोके खाजवलेले असते. फडातल्या पंचासारखेच त्या माणसाचे नाव कोणी लक्षात ठेवत नाही. पण पुढच्या महिन्यात ते दोघे पुन्हा आले, तर जोड बरोबर लागली होती असे खुशाल समजावे.